थोडा फरक पडू शकतो

मुंबई
१८ ऑगस्ट १९७४

चि. जयपाल यास आक्काकडून जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

तू घरी पोहोचल्याचं कार्ड मिळालं. मिरजेपर्यंत तीनदा उलटी झाली आणि समोरच्या बाईंनी लिंबू दिलं, हे वाचलं. उलट्या दोन-तीन दिवसांत थांबतील. गोळ्या मात्र चौदा दिवस पुऱ्या कर, मधे सोडू नकोस.

तू स्टेशनवर मला विचारलं होतंस, गाठ मानेत आहे, मग औषध पोट का ढवळतं आणि डोक्यावरचे केस का ओढतं, त्याला पत्ता माहीत नाही का. गाडी सुटत होती म्हणून तेव्हा उत्तर देता आलं नाही. खरंच त्याला पत्ता माहीत नसतो. रक्तात सोडलं की ते सगळ्या अंगात फिरतं. त्याला एकच ओळखता येतं, कुठली पेशी दुभंगायच्या तयारीत आहे.

आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे. एकीच्या दोन होताना पेशी आधी आपल्या पोटातला सगळा ऐवज दुप्पट करते. मग तो मधोमध ओळीनं मांडते. मग दोन्ही टोकांकडून धागे येतात आणि अर्धा ऐवज इकडे, अर्धा तिकडे ओढून नेतात. प्रयोगशाळेत मी दिवसभर काचेवर हेच बघत असते. तुला सलाईनमधून दिलेली पहिली सुई, जिच्या वेळी नर्सनं हात दाबून धरला होता, ती ऐवजाचे दोन पदर एकमेकांना चिकटवून टाकते. पदर सुटले नाहीत तर त्यांची नक्कल होत नाही. दुसरी सुई सदाफुलीच्या झाडापासून काढतात. ती धागेच तयार होऊ देत नाही. ऐवज मांडलेला राहतो, ओढायला कोणी नाही, पेशी तिथल्या तिथं मरते. दोन गोळ्यांपैकी एक पदर तोडते आणि दुसरी गाठीवर थेट चालते. तिनंच तुला एवढी भूक लागते.

गाठीतल्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण केसांची मुळं, तोंडाची आणि आतड्याची कातडी, हाडातलं रक्त, हेही रोज नवं होत असतं. त्यांनाही मार बसतो. फरक एवढाच, की चांगल्या पेशी चौदा दिवसांत सावरतात, गाठीला तेवढं सावरता येत नाही. म्हणून चौदा दिवस औषध आणि चौदा दिवस सुट्टी, असे सहा फेरे.

सदाफुलीचं नाव मी घेतलं आहे खरं, पण अव्वाला सांग, दारातली सदाफुली उकळून तुला पाजायची नाही. तिनं तसं केलं असेल अशी मला शंका आहे.

आप्पांना नमस्कार. ३ सप्टेंबरच्या आधी एक दिवस ये.

तुझी,
सुरेखाआक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२० सप्टेंबर १९७४

ती. आक्कास जयपालचा नमस्कार.

अव्वानं एकदाच उकळली हुती. कडू लागली म्हणून मी बादलीत वतली. तुला कसं कळलं?

आता खरी बातमी. गाठ गेली. काल दाढी करताना बोट फिरवलं तर काहीच लागंना. आरशात वाकून बघितलं, मान सरळ. अव्वानं चाचपून बघितलं, आप्पांनी बघितलं, शेजारच्या दुकानातल्या निसारनं पण बघितलं. निसार म्हणाला, गाठच न्हाय तर आता सुई टोचणार कुणाला. मला पण तेच वाटतंय. दोन फेऱ्यांत काम झालं.

आक्का, मी भित्रा न्हाय हे तुला ठाव हाय. पण त्या इस्पितळाच्या जिन्यात फिनेलचा वास आला की सुई टोचायच्या आधीच मला वकारी येत्या. परवा आप्पांनी दुकानात फिनेल टाकून फरशी पुसून घेतली, तर मी बाहेर जाऊन बसलो. बोटांची टोकं बधिर झाल्यात. गिऱ्हाईक ट्रॅक्टरचा वॉशर मागतंय, मी उचलतोय, आणि हातातनं खाली पडला तरी मला कळत न्हाय. केसांचं तर सोड. सकाळी उशीवर गोळा करून घ्यायचं.

आप्पा म्हणत्यात, शिरोळला ऊस तोडीला येतोय, माणूस पायजे. तवा १ तारखेला मी येत न्हाय. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. लई उपकार झालं त्यांचं.

तुझा,
जयपाल


मुंबई
२५ सप्टेंबर १९७४

चि. जयपाल,

तू येतो आहेस. याच्यावर वाद नको.

निसारला हे वाचून दाखव. गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी दुभंगत नसतात. काही त्या फेऱ्यातून बाहेर पडून स्वस्थ बसलेल्या असतात. दुप्पट करणं नाही, मांडणं नाही, काही नाही. औषधाला दुभंगणारी पेशीच नीट सापडते, म्हणून या बसलेल्यांच्या अंगावरून ते बरंचसं तसंच निघून जातं. दोन-तीन महिन्यांनी त्या उठतात आणि कामाला लागतात. मधे सुट्टी देऊन पुन्हा औषध द्यायचं ते त्यांच्यासाठीच. सहा वेळा दार ठोठावलं तर कुठल्या ना कुठल्या वेळी त्या उठलेल्या सापडतात.

बोटाला गाठ लागायची तर निदान काही कोटी पेशी एके ठिकाणी जमाव्या लागतात. आता लागत नाही याचा अर्थ तेवढ्या उरल्या नाहीत, एवढाच. काहीच उरलं नाही, असा नाही. दोन फेऱ्यांनंतर घरी गेलेली माणसं मी परत आलेली बघितली आहेत. दुसऱ्या वेळी गाठ मानेत नसते, छातीत असते, पोटात असते, आणि तीच औषधं तिला लागू पडत नाहीत.

आप्पांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. १ तारखेला तू स्टेशनवर उतरला नाहीस तर २ तारखेला मी रजा काढून दुकानात येईन आणि गिऱ्हाइकांसमोर तुला घेऊन जाईन.

तुझी,
आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२ मार्च १९७६

ती. आक्कास नमस्कार.

सहावा फेरा संपून वर्ष उलटलं. परवाच्या तपासणीत पण काही निघालं न्हाय, हे तुझ्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. केस पयल्यापेक्षा दाट आल्यात, जरा कुरळं. वजन बासष्ट किलो. मी रोज सकाळी तालमीकडनं चालत येतोय.

तुला एक सांगायचं हाय. माझं लगीन ठरलं. पोरगी नांदणीची, नाव राजमती. वडील तिथल्या शाळेत मास्तर हायत. जुनी मॅट्रिक पास हाय, अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं हाय. बघायला गेलतो तवा आप्पांनी तिला इचारलं, हिशेब येतो का. ती म्हणाली, कशाचा ते सांगा. आप्पा हसलं. आप्पा हसल्यालं मी लई दिसांनी बघितलं.

आजाराचं त्या लोकांना कुणीतरी सांगितलंच हुतं. आप्पांनी सांगितलं की मानेत टीबीची गाठ हुती, मुंबईला जाऊन औषध केलं, आता बरा हाय. टीबी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. दुसरं नाव घेतलं असतं तर उठून गेलं असतं. तू लग्नात तसं काही बोलू नको.

वैशाख शुद्ध दशमी. आठ दिवस आधी ये.

तुझा,
जयपाल


मुंबई
९ मार्च १९७६

चि. जयपाल,

तुझं पत्र हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून राहिले. दीड वर्षापूर्वी याच जिन्यात तू डोकं धरून बसला होतास. आज लग्नाचं लिहितो आहेस. मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही.

टीबीचं मला पटलेलं नाही. मास्तर शिकलेले आहेत, त्यांना खरं समजावून सांगता आलं असतं. पण आप्पांनी शब्द दिला आहे तर मी लग्नात तोंड उघडणार नाही.

राजमतीसाठी इथून इरकली बघू की नारायणपेठ? रंग कोणता आवडतो ते तिच्या आईला विचारून कळव. अव्वासाठी मी हिरवी घेते आहे.

आणखी एक. ही औषधं घेतलेल्या माणसांना पुढे संसारात थोडा फरक पडू शकतो, असं इथे एका परदेशी मासिकात वाचनात आलं. लग्नाआधी एकदा डॉक्टरांना भेटून घे म्हणजे झालं.

मी २ मे रोजी सकाळी पोहोचेन. निसारला स्टेशनवर पाठव, माझ्याकडे सामान असेल.

तुझी,
आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
२० मार्च १९७६

ती. आक्कास नमस्कार.

इरकलीच घे. जांभळा रंग. निसार जीप घेऊन येतो म्हणाला.

बाकी तू लिवलेलं समजलं. फरक काय पडायचा हाय, दोन पोती डोक्यावर घेऊन मी माडी चढतोय.

आप्पांची तब्येत बरी.

जयपाल


शाहूपुरी, कोल्हापूर
१४ जानेवारी १९७९

ती. वन्संना राजमतीचा वाकून नमस्कार.

मी तुम्हांला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, ह्यांना न सांगता. तुम्ही मोठ्या इस्पितळात काम करता, म्हणून तुम्हांला विचारावं असं बरेच दिवस मनात होतं.

लग्नाला पावणेतीन वर्षं झाली. सासूबाई दर महिन्याला विचारतात आणि मी मान हलवते. पहिल्या वर्षी त्यांनी अष्टमी-चतुर्दशीचे उपवास सांगितले, ते मी केले. पद्मावतीची ओटी भरते. बाहुबलीचा डोंगर सात वेळा अनवाणी चढले. दुसऱ्या वर्षी इथल्या डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ केली. मग सहा महिन्यांनी सांगलीला पुन्हा केली. तिथंच नळ्यांत हवा सोडून बघितली. वन्सं, ते दुखणं कसं सांगू. मी टेबलाची कड धरली होती आणि बाई म्हणत होत्या, ओरडू नका, बाहेर माणसं बसलीत. त्या म्हणाल्या, नळ्या मोकळ्या आहेत, काही दोष दिसत नाही, मालकांना पण तपासून घ्या. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. ताट सरकवून उठले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून मी तो विषय काढत नाही. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपण असं बोलायला नको होतं, असं मला वाटलं.

परवा शेजारी डोहाळजेवण होतं. सासूबाई गेल्या, मला म्हणाल्या, तू दुकानाकडं बघ.

तर तुमच्याकडे मुंबईत एखादी चांगली बायकांची डॉक्टर आहे का? तुम्ही मला तिथं दाखवाल का? अजून काही करायचं राहिलं असेल तर मी ते सोसेन. हे पाठवायला तयार होतील, तुमचा शब्द हे मोडत नाहीत.

तुमची,
राजमती


मुंबई
२२ जानेवारी १९७९

जयपाल,

राजमतीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस, तिनं तुझ्याविषयी एक वाकडा शब्द लिहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तुला एक ओळ लिहिली होती. ती मी लाजून लिहिली. धाकट्या भावाला हे कसं लिहायचं म्हणून मी "संसारात फरक" असं काहीतरी लिहिलं. आज स्पष्ट लिहिते. दुभंगणाऱ्या पेशींची यादी मी तुला सांगितली होती, केस, तोंड, आतडं, रक्त. तिच्यात एक नाव राहिलं. पुरुषाचं बीज तयार करणाऱ्या पेशीही आयुष्यभर रोज दुभंगत असतात. तुला दिलेल्या चार औषधांपैकी दोन त्यांना मुळासकट मारतात. केसांची मुळं सावरली, रक्त सावरलं. ती बहुतेकांची सावरत नाहीत. त्या मासिकात ज्या पुरुषांना तपासलं होतं, त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं बीज संपलेलं होतं. तुझं औषध सुरू होण्याआधी ही गोष्ट आमच्या इथे तुला कोणी सांगितली नाही, कारण तेव्हा सगळ्यांना तुझा जीव वाचवायची घाई होती. मी पुढे वाचली, आणि शब्द गुळगुळीत करून लिहिली.

यात तुझा दोष नाही. पुरुषपणाला यात काही कमी आलेलं नाही, तुझं तुलाच माहीत आहे. पण राजमतीला अजून एकाही टेबलावर झोपवायचं नाही. तू तपासून घे, आणि तिला बसवून सांग. ती समजून घेईल. मूल दत्तक घेता येतं, आपल्याकडे घेतात.

आक्का


शाहूपुरी, कोल्हापूर
४ फेब्रुवारी १९७९

आक्का,

मला ठाव हाय.

तू १९७६ साली लिवलेली ओळ मी धा वेळा वाचली हुती. थोडा फरक पडू शकतो. मी म्हटलं, थोडाच तर हाय. शकतोच तर हाय. लग्नाला वर्ष झालं तवा मिरजेला गेलतो. निसारचं नाव सांगितलं आणि तपासून घेतलं. त्या माणसानं कागद दिला. वर निसारचं नाव, खाली शून्य. मी तो कागद कृष्णेच्या पुलावरनं टाकला. निसारला पण सांगितलं न्हाय.

तू म्हणशील, मग तिला दोनदा पिशवी साफ करायला का पाठवली. मी न्हाय पाठवली, अव्वानं पाठवली. मी नको म्हणालो असतो तर का नको ते सांगावं लागलं असतं. दुसऱ्या बारीला मी सांगलीला दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसलोतो. आतला आवाज आला मला. तुला खोटं वाटंल, पण आला.

आता पुढचं ऐक. आप्पांनी बिद्रीला पोरगी बघितली. तिचा बाप साखर कारखान्यात नोकरीला हाय, चार पोरीच हायत. राजमतीला ठेवूनच दुसरी करायची, राजमतीनं राजीखुशी सही द्यायची, असं ठरलंय. तू इचारशील, तुला ठाव असताना तू व्हय कसा म्हणालास. मी न्हाय म्हणायला तोंड उघडलं की आप्पा इचारणार, का. त्या 'का'पुढं माझं पाय चालत न्हाईत. दुसरीला पण हुणार न्हाय, मला काय कळत न्हाय व्हय. दोघींना पण झालं न्हाय की लोक म्हणतील, घराण्याचंच नशीब. एका माणसाचं नाव निघणार न्हाय.

शाहूपुरीत मला लोक शेठ म्हणत्यात. तुझ्या औषधानं जगलोय, आता मला जगू दे. तू गप बस. दत्तकाचं पुन्यांदा लिवू नको.

जयपाल


मुंबई
१२ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. राजमतीस,

हे पत्र मी तुझ्या वडिलांच्या पत्त्यावर पाठवते आहे. तू चार दिवसांसाठी नांदणीला येणार आहेस असं अव्वाच्या कार्डात होतं.

तुला मुंबईच्या डॉक्टरची गरज नाही. तुझ्यात काही दोष नाही, नव्हता. जयपालला टीबी नव्हता. त्याला लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. १९७४-७५ मध्ये आमच्या इथे त्याला चार औषधांचे सहा फेरे दिले, त्यानं तो बरा झाला. तो खरंच बरा आहे, रोग परत येईल अशी भीती आता फार राहिलेली नाही. पण त्या औषधांनी त्याचं बीज कायमचं गेलं. त्यानं दोन वर्षांपूर्वी तपासून घेतलं आहे. त्यानं स्वतःच्या हातानं मला तसं लिहिलं आहे.

मला ही शक्यता तुझ्या लग्नाच्या आधी माहीत होती. मी त्याला एका ओळीत लिहिलं, तुला लिहिलं नाही. लग्नात तुला साडी नेसवताना माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी बोलले नाही.

आप्पांनी जयपालच्या दुसऱ्या लग्नासाठी बिद्रीची मुलगी बघितली आहे, त्यासाठी ते तुझी सही मागतील. ती देऊ नकोस. हे पत्र तू कोणालाही दाखवू शकतेस, खाली मी पूर्ण नाव लिहिते.

सुरेखा अण्णाप्पा मगदूम


नांदणी
३० जून १९८०

वन्संना,

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. मधल्या काळात तुमची तीन पत्रं आली, ती मी फोडली नाहीत. घरून तुम्हांला कोणी काही कळवलं नसणार, म्हणून सांगते.

तुमचं पत्र आधी माझ्या वडिलांनी वाचलं. वाचून त्यांनी मला दिलं आणि परसात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. बिद्रीची मंडळी त्याच दिवशी आली होती, हे आम्हांला माहीत नव्हतं. माडीवर सतरंजी घातलेली, पोह्यांच्या बश्या मांडलेल्या. मी तशीच वर गेले आणि उभ्यानंच तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमच्या पूर्ण नावासकट.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "खरं हाय का रे?"

वन्सं, तेवढा एक क्षण मला वाटलं, हे खरं बोलणार. ह्यांचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, बोला, मी तुमच्या शेजारी उभी राहीन. एवढंच बोला, आपण दोघं निभावून नेऊ.

हे म्हणाले, "आक्काचं लगीन झालं न्हाय. तिला कुणाचाच संसार बघवत न्हाय."

सगळ्यांना ते लगेच पटलं. सासूबाई रडायला लागल्या, की पोरीला शिकवली म्हणून ती अशी झाली. माझ्या वडिलांनी हात जोडून सांगितलं की पत्रात तारखा आहेत, औषधांचे फेरे आहेत. मामंजी म्हणाले, मास्तर, तुमच्या पोरीत खोट हाय म्हणून तुम्ही कागद करून आणलाय.

मग त्या बिद्रीच्या मुलीचे वडील बोलले. कारखान्यातल्या वजनकाट्यावर काम करणारा साधा माणूस. तो ह्यांना म्हणाला, पावणं, माझ्या चार पोरी हायत, मला घाई हाय. पण इथनं दवाखाना दहा मिनटांवर हाय. आपण जाऊन येऊ, कागद घेऊ, आणि मग मी पोहे खातो. हे उठले नाहीत. तो माणूस उठला, चपला घातल्या आणि गेला.

तर ती मुलगी सुटली. तिला मी अजून बघितलेलं नाही. तुमच्या पत्रानं तिचं भलं झालं.

मी त्या दिवसापासून नांदणीत आहे. बालवाडी चालवते. सुरुवातीला दोन बायकांनी पोरं काढून नेली, माझ्या हातचा खाऊ नको म्हणून. गावात म्हणतात, टीबीवाल्या नवऱ्याला सोडून आली. कॅन्सरचं मी कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मलाच कळत नाही. ह्यांनी मला एकदाही बोलावणं धाडलं नाही. मागच्या महिन्यात निसारभाई येऊन गेले. म्हणाले, हे दुकानात बसतात, गिऱ्हाईक नसलं की रस्त्याकडं बघत राहतात. तब्येत उत्तम आहे.

मला ह्यांचा राग येतो, पण तो कधी कधी विझतो. त्यांना भीती होती. मरणातून परत आलेला माणूस, पुन्हा कुणी आपल्याला कमी म्हणेल म्हणून घाबरला. तुमचा राग विझत नाही. तुम्हांला कसली भीती होती? तुम्ही ते काचेवर बघत होता. तुम्ही शब्द शोधत बसलात, आणि तेवढ्यात माझं लग्न झालं. पुढं मी सांगलीला टेबलाची कड धरली होती, तेव्हा ते मासिक तुमचं वाचून दोन वर्षं उलटली होती. तुम्ही मला लिहिलं ते माझं पत्र आल्यावर नाही, दुसऱ्या मुलीचं कळल्यावर लिहिलं.

मला तुमच्याकडून साडी, औषध, डॉक्टर, काही नको. एकच विचारायचं आहे. तुमच्याकडे रोज नवीन माणसं येत असतील. त्यांच्यात लग्न न झालेले असतील, लग्न ठरलेले असतील. सुई टोचायच्या आधी त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगतात का? हो की नाही, एवढंच लिहा.

राजमती


मुंबई
२२ ऑगस्ट १९८०

राजमतीस,

नाही. सांगत नाहीत.

तुझं पत्र आल्यावर मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, माणूस आधी जगू दे, बाकीचं नंतर. मी म्हटलं, नंतर कोण सांगतं? ते चांगले गृहस्थ आहेत. मग म्हणाले, तुम्ही सांगणार असाल तर माझी ना नाही.

गेल्या सोमवारी बार्शीकडचे एक शिक्षक आले होते. वय सव्वीस. मानेत दोन्ही बाजूंना गाठी, जयपालच्या होत्या तशाच. दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. बरोबर आई होती. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं, काचेवर पेशी दाखवल्या, औषध काय करतं ते सांगितलं आणि ही गोष्टही सांगितली. एकही शब्द गुळगुळीत केला नाही. औषध घेतलं तर तुम्ही बहुधा जगाल, पण मूल होणार नाही, हे तुमच्या होणाऱ्या बायकोला आधी सांगा, असं म्हटलं.

त्यांनी विचारलं, न घेतलं तर किती दिवस. मी म्हटलं, दोन वर्षं, कदाचित कमी.

त्यांची आई मला म्हणाली, तुम्हांला मुलंबाळं नाहीत ना. मग तिनं मुलाचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेली. खाट ठरलेली होती, औषध काढून ठेवलेलं होतं. गाठी अजून लहान आहेत, आत्ता घेतलं तर तो पूर्ण बरा होईल.

आज शुक्रवार. मी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी बाहेरच्या बाकांवर जाऊन बघते. तो आलेला नाही.

सुरेखा